दसऱ्याला सुरुवात करू का? टिकणाऱ्या बदलाच्या तयारीविषयी

प्रश्न (थोडक्यात): माझे वय ४६ असून यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात आमची सहा एकर कोरडवाहू शेती आहे. पोळ्याच्या आधी तालुक्याच्या गावी रक्त तपासले तेव्हा एचबीए१सी (रक्तातील साखरेची सुमारे तीन महिन्यांची सरासरी) ६.२ आला. रक्तदाब १३८/८८, वजन ७६ किलो आणि उंची ५ फूट ५ इंच आहे. वडिलांना मधुमेह होता आणि शेवटी त्यांचा पाय कापावा लागला. मी आतापर्यंत तीनदा सुरुवात केली. एकदा पाडव्यापासून पहाटे चालायला लागलो, ते मृगापर्यंत टिकले. एकदा चहा, भात, बटाटा, तेलकट असे सारे एकदम सोडले, ते बाराव्या दिवशी एका तेरवीच्या पंगतीत मोडले. १ जानेवारीला खर्रा (सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला) सोडला, तो चौथ्या दिवशी पुन्हा सुरू झाला. दिवसाला सहा चहा होतात. झोपही नीट लागत नाही. शेतात राबत असूनही हे का व्हावे? येत्या दसऱ्यापासून सर्व काही पक्के सुरू करायचे आहे. मन घट्ट करण्यासाठी काय करावे?

उत्तर:

तुम्ही मन घट्ट करण्याचा उपाय विचारला आहे. गेली सव्वीस वर्षे मी याच भागातील खेड्यांत वैद्यकीय व्यवसाय करतो आहे आणि त्या अनुभवावरून मला असे सांगावेसे वाटते की तुमचे मन पुरेसे घट्ट आहे. तीनदा मोडल्यानंतर जो माणूस चौथ्यांदा सुरुवात करायचे ठरवतो, आणि त्याआधी थांबून सल्ला विचारतो, त्याच्या निश्चयात खोट काढण्याचे मला काही कारण दिसत नाही. उणीव राहिली ती व्यवस्थेत. तुमचे तिन्ही प्रयत्न कुठे मोडले हे तुम्हीच लिहिले आहे: मृगाच्या पेरणीत, पंगतीत आणि खर्रा सोडल्याच्या चौथ्या दिवशी. मोडण्याच्या या जागा नीट पाहून प्रत्येकीसाठी आधीच तजवीज करून ठेवणे, यालाच मी तयारी म्हणतो, आणि माझ्या उत्तराचा बहुतेक भाग त्यासंबंधीच आहे.

प्रथम दसऱ्याविषयी. मुहूर्त शुभ आहे, पण आपल्याकडे त्याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी असते. मजुरांची जुळवाजुळव, मळणीयंत्राची वाट पाहणे, ढग दिसले की गंजीवर ताडपत्री टाकण्याची धावपळ आणि नंतर बाजार समितीत माल नेणे, या सगळ्यात शेतकऱ्याचे दुपारचे जेवण तीन वाजता होते आणि मधला सारा वेळ चहा व खर्ऱ्यावर निघतो. वर्षातील सर्वांत ओढाताणीच्या पंधरवड्यात सर्वांत अवघड काम सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आतापासून दिवाळीपर्यंतचा काळ तयारीसाठी द्यावा आणि मुख्य सुरुवात भाऊबीज झाल्यावर करावी. एवढे दिवस थांबल्याने तुमच्या साखरेचे काही बिघडणार नाही, कारण ५.७ ते ६.४ या दरम्यानचा एचबीए१सी म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था होय आणि ती काही आठवड्यांत नव्हे, तर कित्येक वर्षांत घडत आलेली असते.

दोन गोष्टी मात्र थांबवून ठेवू नयेत. एक म्हणजे रक्तदाब. तो गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, निरनिराळ्या दोन-तीन दिवशी पुन्हा मोजून घ्यावा. मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे आणि त्यापूर्वीच्या अर्ध्या तासात चहा किंवा खर्रा घेऊ नये, कारण दोन्हींमुळे आकडा वर जातो. तीस वर्षांवरील सर्वांसाठी ही तपासणी तेथे मोफत होते. आकडा वारंवार १४०/९० च्या वर येत असेल, तर डॉक्टरांना भेटावे. दुसरी गोष्ट तोंडाची तपासणी, तिच्याविषयी पुढे लिहितो. याखेरीज चालताना किंवा ओझे उचलताना छातीत दाटून येत असेल, तर हे सारे बाजूला ठेवून आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

या श्रमांचे फळ खरोखर मिळते का, हे जाणून घेण्याचा तुम्हाला अधिकार आहे, विशेषतः वडिलांचा पाय गेलेला डोळ्यांनी पाहिल्यानंतर. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने साखर वाढू लागलेल्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना आहार व व्यायामासाठी सातत्याने साथ मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३९ टक्के राहिले, आणि मेटफॉर्मिन हे साखरेवरचे औषध घेणाऱ्यांतही ते जवळपास तेवढेच होते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच मोठ्या अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटे चालणे आणि वजन ७ टक्क्यांनी उतरवणे हे लक्ष्य होते. तेथे मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. तुमच्या ७६ किलोंतून पाच ते साडेपाच किलो उतरणे म्हणजे साधारण तेवढेच झाले. वडिलांचे दुखणे मुलाच्या वाट्याला आलेच पाहिजे असे नाही, असे मी म्हणतो ते या आधारावर. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी: पाय कापला जाण्याची भीती माणसाला उठवून बसवते, पण रोज चालवत नाही. रिपोर्ट हाती आल्यावर ती तीव्र असते आणि महिन्याभरात सवयीची होते. म्हणून भीतीच्या जोडीला जवळचे आणि रोज जाणवणारे असे एखादे कारण हवे. दम न लागता वावराच्या धुऱ्यापर्यंत जाणे, रात्री लघवीसाठी कमी उठावे लागणे किंवा नातवंडाला खांद्यावर घेऊन यात्रा फिरणे, असे जे काही तुमचे असेल ते तुम्हीच शोधावे. दुसऱ्याने दिलेले कारण टिकत नाही.

व्यवसायाच्या सुरुवातीची काही वर्षे मी रुग्णांच्या हातात छापील आहारतक्ता देत असे. त्यात दुपारी कोशिंबीर, सायंकाळी एक सफरचंद आणि रात्री दोन फुलके असे लिहिलेले असे. कापूस वेचून घरी आलेल्या बाईने किंवा दिवसभर डवरणी केलेल्या माणसाने तो तक्ता कसा पाळावा, याचा विचार मी केला नव्हता. लोक तो अदबीने घडी घालून खिशात ठेवत आणि पुढच्या भेटीला साखर तेवढीच असे. मी त्यांना निष्काळजी समजत असे. पुढे एका वृद्ध शेतकऱ्याने मला शांतपणे विचारले, ‘डॉक्टरसाहेब, या कागदात माझं घर कुठं आहे?’ त्या दिवसापासून मी आधी घर, वावर, स्वयंपाक आणि बैठक यांची चौकशी करतो आणि नंतरच काय बदलायचे ते बोलतो.

तयारीचे पहिले काम म्हणजे स्वतःची खरी स्थिती ओळखणे. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी धूम्रपान सोडणाऱ्यांचा अभ्यास करून असे मांडले की माणूस एका उडीत बदलत नाही. आधी त्याला बदलाची गरजच वाटत नाही, मग वाटते पण मन दोलायमान असते, मग तो तयारी करतो, मग कृती करतो आणि त्यानंतर कृती टिकवण्याचे वेगळे काम सुरू होते. यातील माझ्या उपयोगाची बाब अशी की एकच माणूस एका सवयीबाबत एका पायरीवर आणि दुसरीबाबत निराळ्या पायरीवर असू शकतो. तुमच्या पत्रात चालणे आणि आहार यांविषयी आस्था दिसते. खर्रा मात्र एका वाक्यात येतो आणि जातो. म्हणून प्रत्येक बदलासाठी वहीत दोन आकडे लिहावेत. हा बदल मला किती महत्त्वाचा वाटतो, हे शून्य ते दहा यांत लिहावे, आणि तो मी पुढचे तीन महिने करू शकेन याची मला किती खात्री आहे, हेही तसेच लिहावे. खात्रीचा आकडा सातपेक्षा कमी आला, तर स्वतःला दोष न देता काम लहान करावे. ‘रोज पाऊण तास चालेन’ याला चार मिळत असतील आणि ‘रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटे चालेन’ याला आठ, तर तुमच्यासाठी दुसरे काम योग्य आहे.

यानंतरचे दोन आठवडे काहीही न बदलता फक्त नोंद ठेवावी. मुलाच्या जुन्या वहीची कोरी पाने पुरेत. प्रत्येक चहा आणि प्रत्येक खर्रा किती वाजता, कुठे आणि कोणाबरोबर घेतला, एवढेच लिहायचे. हे काम क्षुल्लक वाटते, पण माझ्या अनुभवात याच्याइतके फळ दुसऱ्या कोणत्याच पूर्वतयारीने दिलेले नाही. माझ्या बऱ्याच रुग्णांना वही भरल्यावर उमगले की दिवसातील निम्म्याहून अधिक खर्रे तलफ आली म्हणून नव्हे, तर पानठेल्यावर थांबले म्हणून किंवा कोणी खर्ऱ्याची पन्नी पुढे केली म्हणून खाल्ले जातात. चहाचेही तसेच असते. ज्यांच्या घरी जाल त्यांच्या घरचा चहा नाकारला तर आपल्याकडे ते मनाला लावून घेतात. वहीत हे दिसले की बदल कशात करायचा ते कळते, आणि तो बहुधा पदार्थापेक्षा जागेत आणि वेळेत असतो.

चहापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण त्याचा हिशोब सरळ आहे. कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली, तर सहा चहांतून दिवसाला ६० ग्रॅम आणि महिन्याला पावणेदोन किलोंहून अधिक साखर एकट्या तुमच्या पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे २,००० उष्मांकांच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आसपास असावी. चहा सोडण्याची गरज नाही. दर दहा दिवसांनी अर्धा चमचा कमी करावा. जीभ तेवढ्यात सरावते आणि महिन्याभराने जुना गोड चहा स्वतःलाच नकोसा वाटू लागतो. हा एक बदल दिवाळीची वाट न पाहता नोंदीचे दोन आठवडे संपताच सुरू करावा. परक्या घरी ‘अर्धा कप द्या’ असे म्हणावे. चहा नाकारला असे होत नाही आणि साखर निम्मी होते.

तुमच्या दुसऱ्या प्रयत्नात चहा, भात, बटाटा आणि तेल एकदम सुटले. त्यातले काहीही स्वतंत्रपणे अवघड नव्हते, पण चारही मिळून ताटातले ओळखीचे सारेच गेले आणि घरात तुमच्यापुरता वेगळा स्वयंपाक सुरू झाला. या ठिकाणी मला थोडे अधिक बोलायचे आहे. पुरुष पथ्य ठरवतो आणि ते निभावते ती घरची बाई, हे मी असंख्य घरांत पाहिले आहे. पहाटे चूल पेटवून, डबे बांधून, वेचणीला जाऊन परत आल्यावर तिने आणखी एक निराळी भाजी करावी, हे फार दिवस चालूच शकत नाही. शिवाय सर्वांचे आटोपल्यावर उरलेले खाणारी तीच असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. म्हणून तयारीच्या काळात एक संध्याकाळ पत्नीजवळ बसून, हुकूम न सोडता, विचारावे की घरातल्या सर्वांच्या जेवणात कोणता बदल तिला जमण्यासारखा आणि बरा वाटतो. सर्वांसाठी एकच स्वयंपाक आणि त्या स्वयंपाकातच सुधारणा, हा नियम धरावा.

सुधारणेसाठी परक्या पदार्थांची गरज नाही. ज्वारीची भाकर, वरण, तुरीच्या किंवा बरबटीच्या दाण्यांची भाजी, पावसाळ्यात तरोटा आणि अंबाडी, हिवाळ्यात पोपटीच्या शेंगा, जवसाची चटणी आणि ताक हे आपलेच जेवण आहे आणि चांगले आहे. ज्वारीची असली तरी चार भाकरी म्हणजे चार भाकरी, हे मात्र विसरू नये. साखर वाढते ती एकूण प्रमाणामुळेही. तीन महिन्यांपुरता एकच बदल निवडावा: एक भाकर कमी आणि तिच्या जागी एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ. त्याने पोट भरलेले राहते. तेलासाठी मोजमाप उपयोगी पडते. माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरले, तर पाच जणांच्या घराला महिन्याला पावणेचार किलो तेल पुरायला हवे. पिपा उघडल्याची तारीख त्याच्यावर लिहून ठेवली म्हणजे खरी खपत कळते. वांग्याच्या भाजीवर तर्री तरंगायलाच हवी, अशी आपल्याकडची समजूत आहे. ती सणापुरती राहू द्यावी. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची उसळ, तळलेले पापड आणि चार गोड चहा होत असतील, तर तो दिवस साखरेच्या दृष्टीने पंगतीहून वेगळा नसतो, हेही वहीत लिहिल्यावर तुमच्या ध्यानात येईल.

आता पंगतीविषयी. तेरवी, लग्न, महालक्ष्मीचे जेवण, भंडारा ही आपल्या जीवनातील अपवादाचे प्रसंग नव्हेत. ते वर्षभर येत राहतात आणि त्यांना गेलेच पाहिजे. तेव्हा ‘पंगतीत संयम ठेवीन’ एवढे ठरवून भागत नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की नुसता संकल्प करणाऱ्यांपेक्षा ‘अमुक घडले तर मी तमुक करीन’ असे आधी नेमके ठरवणारे लोक आपला संकल्प अधिक वेळा पाळतात. तुमच्यासाठी ते असे असेल: वाढपी बुंदी घेऊन आला, तर मी एकदाच घेईन आणि पानावर हात आडवा धरीन, भात आला, तर आधी वरण मागेन, कोणी आग्रह केला, तर ‘डॉक्टरांनी एकदाच सांगितले आहे’ असे म्हणेन. डॉक्टरांचे नाव पुढे करण्यास मी माझ्या सर्व रुग्णांना मोकळीक दिलेली आहे, कारण आग्रह करणाऱ्यालाही त्यामुळे वाईट वाटत नाही. ही वाक्ये घरी एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत. ऐन वेळी शब्द सुचत नाहीत, म्हणूनच बहुतेक जण ‘बरं, वाढा’ म्हणून मोकळे होतात.

शेतात राबूनही असे का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. कोरडवाहू शेतीतील श्रम वर्षभर सारखे नसतात. मृगापासून सोंगणीपर्यंत आणि पुढे वेचणीत अंग मोडेपर्यंत काम असते, पण तूर निघाल्यावर पुन्हा पेरणी होईपर्यंतचे तीन-चार महिने हात बऱ्याच अंशी मोकळे असतात. जेवण आणि चहा मात्र कामाच्या दिवसांइतकेच राहतात. त्यातच वावरात जायला मोटारसायकल आली, वखरणी ट्रॅक्टरने होऊ लागली आणि फवारणीचा पंप बॅटरीचा झाला. तुमचे वडील जेवढे चालत तेवढे तुम्ही चालत नाही, यात तुमचा दोष नाही, पण शरीराचा हिशोब मात्र बदलला आहे. शिवाय आपल्या लोकांत अंग फार सुटलेले नसतानाही पोटाभोवती चरबी साचून साखर वाढते. म्हणून वजनापेक्षा कमरेचा घेर पाहावा. पुरुषात तो ९० सेंटिमीटरच्या, स्त्रीत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

यावरून तुमच्या पहिल्या प्रयत्नाकडे पाहिले तर मला वेगळेच दिसते. पाडव्यापासून मृगापर्यंत तुम्ही अडीच महिने पहाटे चाललात. मृगात पेरणी लागली आणि चालणे थांबले, ते योग्यच झाले, कारण त्या दिवसांत तुम्ही डवऱ्यामागे त्याहून अधिक चालत होता. तो प्रयत्न मोडला नव्हता. त्याला परतीची तारीख नव्हती, एवढेच. तूर निघाल्यावर, म्हणजे फेब्रुवारीपासून, पहाटे चालणे पुन्हा सुरू करायचे आणि पेरणी लागली की थांबवायचे, हे वहीत आजच लिहून ठेवावे. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, एवढे पुरे. एप्रिल-मेमध्ये उन्हाची वेळ टाळण्यासाठी साडेपाचला निघावे आणि सातच्या आत घरात असावे. अंधारात वावराच्या वाटेने न जाता गावच्या रस्त्यानेच जावे, कारण रानडुकरांचा आणि सापांचा धोका खरा आहे. अनवाणी चालू नये. दिवाळी ते फेब्रुवारी या काळात रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटे फिरणे ठेवावे. जेवणानंतर वाढणारी साखर त्याने आटोक्यात राहते.

खर्ऱ्याविषयी मी मुद्दाम शेवटी लिहितो आहे, पण धोक्याच्या क्रमाने तो पहिला आहे. भाजलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेल्या या पदार्थात कर्करोगाची कारणे दोन आहेत. केवळ तंबाखूच नव्हे, तर सुपारीसुद्धा माणसात कर्करोग करते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली निःसंदिग्धपणे नोंदवले आहे, त्यामुळे ‘तंबाखू सोडून नुसती सुपारी’ ही सुटका नव्हे. आजच आरशासमोर उभे राहून स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का ते पाहावे. जात नसतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा, गाठ वा न भरणारी जखम असेल, तर याच आठवड्यात दंतवैद्यांना किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवावे. तसे काही आढळले, तर खर्रा सोडण्याचा दिवस तोच.

तसे नसेल, तर निवड तुमची आहे. मला विचाराल तर भाऊबीजेनंतरच्या सोमवारी खर्रा सोडावा आणि बाकीचे बदल अगदी हलके ठेवावेत, असे मी म्हणेन. मागच्या वेळी तुम्ही चौथ्या दिवशी परत फिरलात. निकोटिन सुटल्यावरची चिडचिड, डोकेदुखी आणि बेचैनी पहिल्या तीन-चार दिवसांतच सर्वांत तीव्र असते आणि दोन ते चार आठवड्यांत बव्हंशी ओसरते. म्हणजे घाटाचा माथा जवळजवळ गाठल्यावर तुम्ही मागे वळलात. हे तुम्हाला आधी कोणी सांगितले नव्हते, याचे मला वाईट वाटते. या खेपेस त्या आठवड्याची तजवीज करावी. वहीतून कळलेल्या सर्वांत पक्क्या दोन वेळा, बहुधा सकाळच्या चहानंतरची आणि सायंकाळी ठेल्यावरची, कशा भरायच्या ते ठरवावे. भाजलेली जवस, तीळ, ओवा आणि बडीशेप यांची पुडी खिशात असावी. एक तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ हाताला काम द्यावे. सायंकाळी महिनाभर ठेल्याच्या वाटेनेच जाऊ नये. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते आणि जिल्हा रुग्णालयातील तंबाखूमुक्ती केंद्रात गरजेप्रमाणे औषधाचीही मदत होते. ती घेण्यात कमीपणा मानू नये.

बैठकीतला निदान एक मित्र सोबत आला तर फार फरक पडतो. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ या दारू व तंबाखूविरोधी कार्यक्रमात व्यक्तीबरोबर गावालाही निर्णयात घेतले जाते, आणि मला ती दिशा योग्य वाटते. ज्याच्या गावात पाच ठेले आहेत आणि ज्याचे सगळे मित्र तेथे बसतात, त्याने एकट्याने मन घट्ट करून किती लढावे, याला मर्यादा आहे.

सवय किती दिवसांत लागते, याविषयी २१ दिवसांचा आकडा सर्वत्र ऐकू येतो. तो मनातून काढून टाकावा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी कृती आपोआप घडू लागण्यास सामान्यतः ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष अडथळा आला नाही, हेही त्यात दिसले. तुमच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा आहे, कारण बाराव्या दिवशी पंगतीत एक जेवण जास्त झाले आणि तुम्ही अकरा दिवसांचे सारेच सोडून दिले. पुढच्या वेळी असे झाल्यास परतीची वेळ ‘उद्यापासून’ किंवा ‘सोमवारपासून’ नसावी. लगेचचे पुढचे जेवण, पुढचा चहा हीच ती वेळ.

झोपेचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, पण मी तो वाचला आहे. सायंकाळी पाचनंतर चहा आणि खर्रा टाळल्याने झोप काहीशी सुधारेल. मात्र कर्जाची, भावाची किंवा पावसाची काळजी रात्र रात्र जागवत असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर त्याला आळस किंवा कमजोरी समजू नये. तो उपचार होण्याजोगा आजार असू शकतो आणि त्याचा उपचार आधी व्हावा, कारण खचलेल्या मनावर पथ्याचा भार घालणे अन्यायाचे आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते. ‘हे सारे संपले तर बरे’ असा विचार मनात येत असेल, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगावे आणि डॉक्टरांकडे यावे.

एचबीए१सी मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, म्हणून दिवाळीनंतर सुरुवात केल्यावर तो फेब्रुवारीच्या मध्याआधी तपासू नये. घाईने तपासून आकडा हलला नाही म्हणून लोक निराश होतात. तोवर महिन्यातून एकदा कमरेचा घेर आणि वजन वहीत लिहावे. तूर घरात आली की तपासणीला जाताना वही सोबत न्यावी, आणि पत्नीलाही बरोबर नेऊन तिचे हिमोग्लोबिन, साखर व रक्तदाब त्याच फेरीत तपासून घ्यावे.